घरगुती चित्रफीत आणि तिची तबकडीवरील प्रत : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

पाठचिकित्सा हे शास्त्र हस्तलिखितांपुरतेच आहे, असा समज आपल्याकडे रूढ झालेला दिसतो. तो रूढ व्हावा हे स्वाभाविकही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेली आणि १९६६ साली पूर्णतेस नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या शास्त्राचे आपल्या डोळ्यांपुढील सर्वांत भव्य उदाहरण होय. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वास जोडलेला प्रस्ताव आणि डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांचा १९४१ सालचा भारतीय पाठचिकित्सेवरील ग्रंथ, या दोहोंवर आपल्या दोनतीन पिढ्या पोसल्या. हे दोघेही भाषाविद्येचे जाणते होते, ही गोष्ट मात्र आपण पुष्कळदा विसरतो. नकलेतून नक्कल होत असता मूळ मजकुराचे काय होते, हा प्रश्न मुळात भाषेच्या अभ्यासकाचाच आहे. तो मजकूर भूर्जपत्रावर आहे, कागदावर आहे, की लोहभस्म चढविलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, याने प्रश्नाचे स्वरूप पालटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ही तिसरी वस्तू आहे. १९८० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी घरांतून बारसे, मुंज, लग्न, साठीशांत, गावची जत्रा अशा प्रसंगांच्या ज्या चित्रफिती तयार झाल्या आणि पुढे ज्यांची ‘डीव्हीडी करून घेतली’ गेली, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. ही डीव्हीडी म्हणजे कॅसेटच होय, केवळ तिचे पात्र पालटले, असे सर्वसाधारण गृहस्थ मानतो. त्याचे तसे मानणे क्षम्य आहे. परंतु त्या तबकडीवरून बोलीचा अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकाने तसे मानणे क्षम्य नाही. डीव्हीडी ही एक प्रत आहे. तिला लिपिकार आहे, त्याच्या सवयी आहेत, आणि त्याचे प्रमादही आहेत.

साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. चित्र फितीवर चुंबकीय रीतीने नोंदविण्याचे पहिले व्यवहार्य यंत्र अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली शिकागो येथे दाखविले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या हाताखालील ज्या छोट्या गटाने ते घडविले, त्यात पुढे ध्वनीच्या क्षेत्रात नावारूपास आलेले रे डॉल्बी हेही होते. ते यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होते. घराशी त्याचा संबंध नव्हता. घरात प्रवेश झाला तो १९७५ साली सोनीच्या बीटामॅक्सने आणि १९७६ साली जेव्हीसीच्या व्हीएचएसने. तरीही ही यंत्रे दुसऱ्याने केलेली चित्रे नोंदविणारी वा दाखविणारी होती. कॅमेरा आणि नोंदणीयंत्र एकाच पेटीत आले ते १९८३ साली. सोनीच्या त्या बीटामूव्हीला नोंदलेले परत दाखविता येत नसे. १९८५ पासून आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीची हँडिकॅम जात बाजारात आली आणि १९८९ साली तिचाच सुधारलेला हाय-८ हा प्रकार. १९९५ साली डिजिटल व्हिडिओ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘मिनीडीव्ही’, अवतरली. फीत या वस्तूचा हा शेवटचा घरगुती अवतार म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले, तरी १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आणि आशियाई क्रीडास्पर्धा या दोन गोष्टी एकत्र आल्यानंतरच मध्यमवर्गीय घरांत रंगीत संच व त्यामागून व्हीसीआर येऊ लागले. कॅमेरा मात्र फार थोड्या घरांत होता. लग्नसमारंभाचे चित्रण ‘व्हिडिओ शूटिंगवाला’ करी. आणि घरचा म्हणून जो कॅमेरा असे, तो बहुधा आखातातून, इंग्लंडातून वा अमेरिकेतून सुटीवर आलेल्या मुलाने वा भावाने आणलेला असे. या शेवटच्या गोष्टीचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. भारतात पाल ही प्रणाली होती, सेकंदाला २५ चौकटींची. अमेरिकेत एनटीएससी होती, सेकंदाला जवळजवळ ३० चौकटींची. न्यू जर्सीहून आलेली नातवाच्या बारशाची कॅसेट पुण्याच्या व्हीसीआरमध्ये घातली, की पडद्यावर आडव्या रेघा आणि काळेपांढरे चित्र याखेरीज पुष्कळदा काही दिसत नसे. मग ती कॅसेट कोठेतरी ‘कन्व्हर्ट’ करून घ्यावी लागे. तीसच्या पंचवीस करावयाच्या म्हणजे दर सहा चौकटींतील एक गाळावयाची, किंवा शेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळावयाच्या. म्हणजे अशा कॅसेटची पुढे जी डीव्हीडी झाली, ती नकलेची नक्कल. आणि पहिली नक्कल करणाऱ्याने प्रत्येक सहावे पान गाळलेले होते! ओठांच्या हालचाली वा हातवारे यांवरून काही अनुमान काढू पाहणाऱ्याने ही गोष्ट प्रथम तपासून पाहिली पाहिजे.

आता, या फितींत भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचे असे आहे तरी काय? मराठीच्या बोलींचे जे लिखित नमुने ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली प्रसिद्ध झाले, त्यांत उधळ्या पुत्राच्या एकाच दृष्टान्ताची रूपे पुनःपुन्हा भेटतात. त्याच सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करण्यात आल्या. आज त्या शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयाद्वारे ऐकावयास मिळतात. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु कर्ण्यापुढे उभा राहून, ठरवून दिलेला मजकूर बोलणारा माणूस आपल्या घरच्या भाषेत बोलत नसतो. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर सिद्ध केलेली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला आणि अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेले सर्वेक्षण, यांत पद्धतीची पुष्कळ प्रगती झाली. तथापि विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ साली ज्याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले, तो कोणत्याही पद्धतीने सर्वस्वी टळत नाही: निरीक्षक नसताना माणसे कशी बोलतात हे पाहावयाचे, आणि तेही निरीक्षक पाठवून!

घरगुती चित्रफितीत हा विरोधाभास सुटतो असे नव्हे. पण तो बराच सैल होतो. कॅमेरा मुंडावळ्यांकडे रोखलेला असतो, आणि कोपऱ्यात दोन जावा वरणात मीठ कमी पडल्याची चर्चा अहिराणीत करीत असतात. सुनेशी प्रमाण मराठीत बोलणारी सासू, माहेरची बहीण दारात दिसताच एका वाक्यात बोली पालटते. चित्रण करणाऱ्याला यातील काहीही टिपावयाचे नव्हते. जे टिपावयाचे नव्हते तेच आपल्याला हवे आहे, ही या साधनाची खरी खुबी होय. शिवाय वक्त्याचे वय, नाते, गाव, प्रसंग या सर्व गोष्टी घरच्या मंडळींना ठाऊक असतात. १९८५ साली सत्तर वर्षांची असलेली स्त्री १९१५ च्या सुमाराची. तिचे सहज बोलणे दुसऱ्या कोणत्या साधनात एवढ्या विपुलतेने आढळावे?

परंतु हे बोलणे फितीवर कोठे आणि कसे नोंदले गेले, हे जाणल्याविना त्याची प्रत तपासता येत नाही. व्हीएचएस फितीची रुंदी १२.७ मिलिमीटर. चित्र नोंदविणारी ‘हेड’ एका फिरत्या लाटेवर बसविलेली असतात. पाल यंत्रात ही लाट सेकंदाला २५ फेरे घेते आणि फितीवर तिरप्या रेघा ओढीत जाते. त्यामुळे फीत सावकाश सरकूनही चित्राला हवा तेवढा वेग मिळतो. ध्वनीला मात्र ही सोय पूर्वी नव्हती. साध्या व्हीएचएसमध्ये ध्वनीची पट्टी फितीच्या कडेने सरळ जाते आणि तिचा वेग फितीचा जो वेग तोच, म्हणजे पाल प्रणालीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर. गाण्यांच्या साध्या कॅसेटचा वेग ४.७६ सेंटिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे स्थिती कळते: घरातील आजीचा आवाज आपण घरातील गाण्याच्या अर्ध्या वेगाने नोंदविला. एका कॅसेटवर अधिक मावावे म्हणून ‘लाँग प्ले’चे बटण दाबले असेल, तर त्याच्याही अर्ध्याने. आठ मिलिमीटरच्या हँडिकॅममध्ये ध्वनीही फिरत्या हेडनेच चित्रासोबत नोंदला जाई, म्हणून लहान फितीवरील आवाज पुष्कळदा मोठ्या फितीहून स्वच्छ निघतो. दुकानदारांस हे ठाऊक असते, अभ्यासकांस क्वचित.

वेगाचा हा प्रश्न यांत्रिक वाटला तरी तो ध्वनिविचाराचाच आहे. वेग मंदावला की उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी दुबळे होतात, आणि मराठीत नेमके याच प्रदेशात अर्थभेदक ध्वनी राहतात. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील पहिला ज तालव्य आणि दुसरा दन्त्य. ‘चार’ ही संख्या आणि ‘चारा’ हे गुरांचे खाद्य, यांतील च चाही तोच भेद. हा भेद वहनारा घर्षणाचा अंश मुख्यत्वे चार हजार आवर्तनांच्या आसपास आणि त्याहून वर असतो. कडेच्या पट्टीवर तो खरखरीत मिसळलेला असतो, पण असतो. प्रत करणाऱ्याने तो राखला की घालविला, एवढाच प्रश्न उरतो.

डीव्हीडी जपानात नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ मध्ये विक्रीस आली. घरी वा दुकानात लिहिता येणाऱ्या तबकड्या व त्यांची यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती २००१ नंतरच्या काही वर्षांत. तबकडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या. मध्ये लेखनाचा थर. एकेरी थराच्या तबकडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. मिनीडीव्हीवरील एक तासाचे चित्रण संगणकात जसेच्या तसे उतरविले, तर त्याला सुमारे १३ गिगाबाइट लागतात. म्हणजे एका तासाच्या चित्रणालाही तबकडीवर बसण्यासाठी एक तृतीयांश व्हावे लागते. ‘तीन कॅसेट एका डीव्हीडीत’ अशी पाटी जेथे लावलेली असे, तेथे त्याचे काय होत असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हे आकुंचन एमपीईजी-२ या पद्धतीने होते. तिचे तत्त्व जाणण्यासारखे आहे. पाल प्रणालीत साधारणतः १२ चौकटींचा एक गट करतात. त्यांतील पहिली तेवढी स्वयंपूर्ण, बाकीच्या चौकटींत मागल्यापुढल्यांहून काय निराळे आहे एवढेच लिहिलेले. आपल्या लिपिकारांनी पुनरुक्त भाग पूर्ण न लिहिता संक्षेपाने सुचवावा, तसाच हा प्रकार. चित्र स्थिर असता तो उत्तम साधतो. जुन्या फितीचे चित्र मात्र स्थिर नसते. त्यात खरखर असते, फितीच्या ताणामुळे कडा थरथरत असतात. यंत्राला ही प्रत्येक थरथर नवीन मजकूर वाटते, आणि तिच्या वर्णनात ते आपली सर्व जागा खर्च करून चेहऱ्याकडे दुर्लक्ष करते. हे टाळण्यास कॅसेट व संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर नावाचे कालशुद्धीचे उपकरण लावावे लागते. साध्या दुकानांतून ते क्वचितच असे.

ध्वनीच्या बाबतीत डीव्हीडीच्या नियमांनी मोकळे ठेवलेले मुख्य मार्ग दोन आहेत. एक, ध्वनी अनाकुंचित लिहावा; त्यास सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट लागतात. दुसरा, डॉल्बी कंपनीच्या पद्धतीने आकुंचित करावा. मग त्याच्या सातव्या-आठव्या भागात काम भागते. आकुंचनाची पद्धत मनुष्याच्या श्रवणाच्या मर्यादांवर उभारलेली आहे: मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळतच नाही, म्हणून तो गाळावा. ऐकणाऱ्या यजमानास याने काही फरक पडत नाही. आलेख काढून मोजमाप करणाऱ्या ध्वनिविदास पडू शकतो. चित्राची एकूण मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट असता ध्वनीसाठी दीड मेगाबिट सोडणे एका तासाच्या तबकडीस मुळीच जड नव्हते. तथापि प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या घरगुती तबकड्यांपैकी अनाकुंचित ध्वनीच्या फारच थोड्या निघाल्या. चित्र सुरेख दिसावे म्हणून शब्दाचा बळी दिला गेला.

यंत्राने केलेली हानी निदान नियमबद्ध असते, तिचा अंदाज बांधता येतो. माणसाने केलेली तशी नसते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस परिचित असलेले बहुतेक सर्व दोष येथे आढळतात. गाळ : ‘नुसतीच बडबड आहे’ म्हणून पंगतीचा भाग कापला. शुद्धीकरण : खरखर घालविण्यासाठी जी गाळणी लावली तिने स, श आणि दन्त्य च यांचीही खरखर धुऊन नेली, अतिचिकित्सक शास्त्रीबोवांनी आर्ष प्रयोग पाणिनीप्रमाणे सुधारून ठेवावे, तसे. आणि प्रक्षेप : हा सर्वांत घातक. मूळ ध्वनी सर्वस्वी बंद करून त्यावर आरंभापासून अखेरपर्यंत सनईचे वा चित्रपटातील गाण्याचे आवरण चढवावयाचे. एका घरातून अभ्यासासाठी मिळालेल्या तबकडीत रुखवताभोवती जमलेल्या पाचसहा वृद्ध स्त्रिया उखाणे घेताना दिसतात. ओठ हलतात, हशा पिकतो, आणि ऐकू येते ते एक हिंदी गाणे. मूळ कॅसेटची चौकशी करता ती दुकानदाराने ‘आता काय कामाची’ म्हणून ठेवून घेतली असे समजले. महाभारताच्या पाठात प्रक्षेप सापडला तर तो तळटीपेत उतरविता येतो, कारण दुसऱ्या प्रती असतात. येथे दुसरी प्रत नाही. ते उखाणे गेले.

कालनिर्णयाचेही असेच आहे. जुन्या कॅमेऱ्यात तारीख चित्रावरच उमटविण्याची सोय होती आणि घड्याळाची बारीक बॅटरी संपली की ती कारखान्याच्या आरंभतिथीवर परत जाई. म्हणून एकाच घरातील तीन निरनिराळे समारंभ एकाच वर्षाच्या १ जानेवारीस घडलेले दिसतात. मिनीडीव्हीत तारीख चित्राबाहेर, फितीवरील निराळ्या नोंदीत असते. हे अधिक चांगले, परंतु डीव्हीडी करताना ती नोंद उतरत नाही. म्हणजे जुन्या फितीवरील तारीख विश्वसनीय नाही आणि नव्या फितीवरील विश्वसनीय तारीख प्रतीत नाही. अशा वेळी भिंतीवरील दिनदर्शिका, पत्रिकेवरील मजकूर, मुलांची वये या अंतर्गत पुराव्यांचाच आश्रय करावा लागतो.

डीव्हीडी स्वतः किती टिकते? चित्रपटांच्या विकाऊ तबकड्या साच्यातून काढलेल्या असतात. घरी लिहिलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन व उष्णता यांनी तो बिघडतो. आठ सेंटिमीटरच्या छोट्या तबकडीवर थेट चित्रण करणारे जे कॅमेरे २००० नंतर काही वर्षे चालले, त्यांत चित्रण संपल्यावर तबकडी ‘फायनलाइझ’ करावी लागे; ती न केल्यास तबकडी इतर यंत्रांना कोरीच दिसते. अशा ‘कोऱ्या’ तबकड्या घराघरांतून फेकल्या गेल्या असतील.

इकडे मूळ फितींचे आयुष्यही संपत आले आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांवर पांढरी बुरशी चढते. तशीच कॅसेट यंत्रात घातली तर फीतही जाते आणि हेडही. यंत्रे तर त्याहून दुर्मिळ. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने ते उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबविले. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी त्याच वर्षी मार्चमध्ये आणि मिनीडीव्हीच्या कॅसेटी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र व ध्वनी संग्रहालयाने २०१५ सालीच असा इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरील जे २०२५ पर्यंत उतरविले जाणार नाही ते बहुधा कायमचे गमवावे लागेल. ते वर्ष अक्षरशः अंतिम मानण्याचे कारण नाही. चालू स्थितीतील यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर हे दोघे जोवर आहेत, तोवर काम होऊ शकते.

ते कसे व्हावे, याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. मिनीडीव्ही फायरवायरच्या तारेने संगणकात उतरवावी. ती नक्कल अक्षरशः असते, तीत नवे आकुंचन होत नाही. जुन्या फितींचे चित्र शक्य तेवढे अनाकुंचित घ्यावे, ध्वनी तर कोणत्याही परिस्थितीत अनाकुंचितच. ही फाइल आदर्श प्रत समजून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. डीव्हीडी करावयाची असल्यास ती तिच्यावरून, घरच्या मंडळींच्या सोयीसाठी करावी आणि ती प्रचलित प्रत एवढेच तिचे स्थान मानावे. क्रमात आठ मिलिमीटरच्या फिती आधी घ्याव्यात, व्हीएचएस मागाहून. कारण व्हीएचएसची यंत्रे अद्याप अडगळीत सापडतात, आठ मिलिमीटरची सहसा सापडत नाहीत. मूळ कॅसेट कोणत्याही सबबीवर टाकू नये, दुकानात तर मुळीच ठेवू नये.

आपले जुने लिपिकार पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहीत: शक, तिथी, गाव, स्वतःचे नाव, आणि जसे पाहिले तसे लिहिले असा निर्वाळा. प्रत्येक फाइलसोबत अशी पुष्पिका असावी. फितीची जात, पाल की एनटीएससी, वेग, कोणत्या यंत्रावर वाजविली, काय गाळले, कोण बोलते आहे, कोणत्या गावचे, चित्रणाच्या वेळी वय काय, आणि अभ्यासासाठी संमती कोणी दिली. यांपैकी पहिला अर्धा भाग यंत्राजवळ बसून लिहिता येतो. उरलेला अर्धा घरातील वडील मंडळींस फीत दाखवीत, थांबवीत, विचारीत लिहावा लागतो, आणि विभागातील विद्यार्थ्यांनी प्रथम हाती घ्यावे ते हेच काम होय. कॅसेटवरील चिठ्ठीवर बहुधा ‘मुंज, पार्ट २’ एवढेच असते. पार्ट १ कोणत्या नातेवाइकाकडे गेला, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.